भ्यालेल्या डोळ्यांची साक्ष : रहस्यकथेतील साक्षीदार कसे उभे करावेत

१९५८ सालच्या मे महिन्यातील गोष्ट आहे. ओडिशातील रासगोविंदपूर येथे युद्धकाळातला एक विमानतळ ओस पडला होता आणि तिथे भुते वावरतात असा आसपासच्या गावांचा समज असल्यामुळे रात्री त्या बाजूला जायला लोक धजत नसत. तिथले भंगार विकत घेण्यासाठी कलकत्त्याहून एक व्यापारी आणि त्याचा नेपाळी नोकर आले होते व एका चहावाल्याकडे उतरले होते. एका रात्री ते सगळे एका गावकऱ्याला त्याच्या गावापर्यंत सोबत करून मध्यरात्रीनंतर परत येत असताना त्यांना दूरवर एक उजेड लुकलुकताना दिसला आणि त्या उजेडाभोवती काही आकृत्या हलताना दिसल्या. नोकराने खुकरी उपसली, तो धावत गेला आणि त्याने वार केले. त्या आकृत्या म्हणजे मोहाच्या झाडाखाली कंदील ठेवून फुले वेचणाऱ्या आदिवासी स्त्रिया होत्या. एकीचा जीव गेला, दोघी गंभीर जखमी झाल्या आणि मागून पोहोचलेला चहावालाही त्याच खुकरीने जखमी झाला. खालच्या न्यायालयाने नोकराला निर्दोष सोडले, आणि १९५९ मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला; आपण माणसांवर नव्हे, भुतांवर चाल करत आहोत असे त्याने प्रामाणिकपणे मानले होते, हे न्यायालयाला पटले.

भीतीमुळे माणसांना भलतेच दिसते अशी रहस्यकथा ज्याला लिहायची आहे, त्याला मी सर्वात आधी या खटल्याचा विचार करायला सांगतो. उजेड खरोखर होता. वाऱ्याने तो खरोखर लुकलुकत होता. आकृत्या खऱ्या होत्या आणि त्या वाकत, उठत, सरकत होत्या हेही खरे होते. त्या माणसाच्या डोळ्यांनी जे टिपले त्यातला एकही तपशील खोटा नव्हता. चूक झाली ती त्या तपशिलांना दिलेल्या नावात. चांगली रहस्यकथा याच फटीत उभी राहते. जी कथा ‘साक्षीदार घाबरट होता, त्याला भास झाला’ एवढ्यावर उलगडते ती वाचकाला फसवते, कारण भासाला कोणताही नियम नसतो आणि नियम नसलेल्या गोष्टीचा शोध वाचकाने कशाच्या आधारे घ्यायचा?

आधी काम, मग भूत

खटल्यातली दुसरी शिकण्यासारखी गोष्ट मोहाच्या फुलांची आहे. ही फुले रात्री आणि पहाटे गळतात, म्हणून ती गुरांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागण्याआधी अंधारातच वेचावी लागतात. त्या स्त्रियांच्या दृष्टीने ती कामाची वेळ होती, बाहेरून आलेल्या माणसाच्या दृष्टीने ती भुतांची वेळ होती. यातून मी स्वतःसाठी एक रीत बांधून घेतली आहे आणि ती मला आजवर उपयोगी पडली आहे : कथेतले भूत रचण्याआधी ते कोणाचे रोजचे काम आहे हे ठरवावे.

आपल्याकडे रात्रीची कामे थोडी नाहीत. देशावर शेतीपंपांची वीज अनेक ठिकाणी पाळीपाळीने रात्री येते आणि मग रात्री दोन वाजता उसाच्या सऱ्यांमधून बॅटरी हलताना दिसते. ती पाणी द्यायला आलेल्या शेतकऱ्याची असते. कोकणात पावसाळी रात्री वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने कुर्ल्या (खेकडे) पकडणाऱ्यांच्या बत्त्या फिरतात, कधी दिसतात, कधी झाडीआड जातात. रानडुकरांपासून पीक राखणारा माणूस माळ्यावर बसून मधूनच डबा बडवतो किंवा हाळी घालतो. ज्याला हे काम ठाऊक आहे त्याला त्यात काहीच वाटत नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून साक्षीदार निवडताना त्याला काय ठाऊक आहे यापेक्षा त्याला काय ठाऊक नाही याची नोंद आधी करावी. शहरातून सुट्टीला आलेला पुतण्या, नुकतीच लग्न होऊन आलेली सून, बदलीवर आलेले गुरुजी हे अशा कथांमध्ये वारंवार येतात ते उगीच नाही.

याची काळी बाजूही लेखकाने मनात ठेवावी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवांनी लोकांची नजर आधीच तयार करून ठेवली होती. दारोदार फिरणे हा त्या नाथपंथी डवरी गोसावींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय होता आणि भ्यालेल्या गावाला नेमके तेच फिरणे संशयास्पद वाटले. आपण कागदावर जे रचतो ते बाहेर माणसांचे प्राण घेते, ही जाणीव ज्याच्याजवळ आहे तो साक्षीदाराची चेष्टा करणार नाही आणि भीतीला नुसते सजावटीसारखे वापरणार नाही.

घडले ते मिनिटामिनिटाने लिहा

कथेचे पहिले पान लिहिण्याआधी एक वेगळी वही घ्यावी आणि तीत प्रसंग जसा घडला तसा, कोणाच्याही नजरेतून नव्हे, तर घड्याळ आणि फूटपट्टी हातात घेऊन लिहावा. इथे एक नमुना घेऊन पुढे जातो, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही.

कोकणातले एक गाव समजा. आषाढाचा महिना, लावणी अर्ध्यावर आलेली. पाऊस संध्याकाळी सातला थांबला आहे. रात्री साडेआठ वाजता वहाळावरच्या साकवावर, म्हणजे लहान पुलावर, एका वयस्क दुकानदाराला त्याचाच पुतण्या गाठतो, पैशांवरून बोलाचाली होते, पुतण्या ढकलतो आणि म्हातारा खाली दगडांवर पडून मरतो. पुतण्याने तोंड दिसू नये म्हणून डोक्यावर इरले, म्हणजे पावसात घ्यायचे पानांचे आच्छादन, घेतले आहे. म्हाताऱ्याचा कुत्रा मालकामागे खाली उतरतो आणि प्रेताजवळ बसून राहतो. गावात आधीपासूनच बोलले जाते की त्या वहाळात गिऱ्हा आहे आणि तो रात्री एकट्या माणसाला पाण्याकडे ओढतो. साडेआठलाच समोरच्या घरातली एक बाई परसदारातून साकवावर काहीतरी पाहते. साडेनऊला गुरुजी त्या वाटेने येतात आणि पाण्याजवळ दोन डोळे चमकताना पाहून पळत सुटतात. सकाळी प्रेत सापडते आणि दुपारपर्यंत गाव म्हणते की गिऱ्ह्याने नेला.

वहीत एवढे लिहून थांबू नये. परसदारापासून साकव किती पावलांवर आहे, मध्ये कोणते झाड आहे, तिथी कोणती आहे, घरातला दिवा चालू आहे का, वारा कोणीकडून आहे, हे सगळे तिथेच ठरले पाहिजे. तिथीकडे लेखक सर्वाधिक दुर्लक्ष करतात. चंद्र दर दिवशी साधारण पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो, आणि वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास वर येतो. त्या रात्री दहा वाजता ‘चांदण्यात स्पष्ट पाहिले’ असे म्हणणारा साक्षीदार एक तर तारीख विसरला आहे किंवा काहीतरी लपवतो आहे. ही गोष्ट भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून वाचकालाही ताडता येते, आणि वाचकाला ताडता येणारा पुरावाच रहस्यकथेत खरा पुरावा असतो.

अंधारात डोळा काय करतो

भीतीचा परिणाम लिहिण्याआधी अंधाराचा परिणाम लिहिता आला पाहिजे, कारण घाबरलेला माणूस बहुधा अंधारातच उभा असतो. उजेडातून अंधारात आल्यावर डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. आमच्या नमुन्यातली बाई स्वयंपाकघरातल्या दिव्यातून उठून परसदारी आली आहे. तिला पहिल्या मिनिटात तपशील दिसणे शक्यच नाही, फक्त आकाशावर उमटलेली बाह्यरेषा दिसेल. ती जर म्हणाली की समोरच्याने लाल पंचा घेतला होता, तर लेखकाने सावध व्हावे, कारण मंद उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी काम करेनाशा होतात आणि लाल रंग तर सर्वात आधी काळा पडतो. संध्याकाळी बागेत उभे राहून जास्वंदीचे फूल आणि तिचीच पाने पाहिली तर हे कोणालाही दिसेल : फूल काळपट होते तेव्हा पाने अजून फिकट हिरवी दिसत असतात.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अंधारात पाहणाऱ्या पेशी नजरेच्या अगदी मध्यभागी नसतात, बाजूला असतात. त्यामुळे अंधारातली अंधुक वस्तू डोळ्याच्या कडेने दिसते आणि तिच्याकडे थेट पाहिले की नाहीशी होते. ‘वळून बघितलं तर तिथे कोणी नव्हतं’ हे वाक्य आपण शेकडो भुताच्या गोष्टींत ऐकलेले आहे. ते बोलणारा खोटे बोलत नसतो. तपास करणाऱ्याला हे ठाऊक असेल, तर त्या वाक्याचा अर्थ ‘तिथे कोणी नव्हते’ असा न लावता ‘तिथे कोणीतरी होते आणि ते उजेडात नव्हते’ असा त्याला लावता येईल, आणि तपास एका वाक्यात वळण घेईल.

अंधारात एकच स्थिर दिवा काही वेळ पाहत राहिले, तर तो हलल्यासारखा वाटतो. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना असा एक ठिपका दाखवून तो किती हलला ते विचारले. एकेकट्याने दिलेली उत्तरे दूरदूरची होती, पण लोकांना एकत्र बसवून मोठ्याने उत्तरे द्यायला लावल्यावर ती हळूहळू एकमेकांजवळ आली. ठिपका मुळात हललाच नव्हता. सकाळी चहाच्या टपरीवर चार साक्षीदार भेटतात आणि संध्याकाळपर्यंत चौघांचे भूत एकाच उंचीचे होते, ते असे. म्हणून कथेत साक्षीदारांची पहिली भेट कुठे आणि केव्हा होते हे नेमके लिहावे, आणि तपास करणारा त्या भेटीच्या आधी पोहोचतो की नंतर, यावर कथेतला बराच ताण बांधता येतो.

जनावरांच्या डोळ्यांचेही एक सांगतो, कारण ते आपल्या नमुन्यात लागणार आहे. कुत्रा, मांजर, गाय, बिबट्या यांच्या डोळ्यांच्या मागे प्रकाश परतवणारा थर असतो आणि म्हणून बॅटरीच्या झोतात त्यांचे डोळे हिरवट किंवा पिवळसर चमकतात. माणसाच्या डोळ्यात हा थर नाही. शिवाय ही चमक ज्याच्या हातात बॅटरी आहे त्यालाच नीट दिसते, शेजारी दहा हात दूर उभ्या असलेल्याला दिसत नाही. गुरुजी सांगतात की पाण्यालगत दोन डोळे पेटले, विझले, पुन्हा पेटले. मेलेल्या मालकाजवळ बसलेल्या कुत्र्याने डोळे मिचकावले होते. एवढ्या एका निरीक्षणावरून तपास करणाऱ्याला कळते की साडेनऊला कुत्रा तिथे होता, म्हणजे मृत्यू त्याआधीच झाला होता. आणि पुतण्याने मात्र सांगितले आहे की काका दहाला जेवून बाहेर पडले. न्याय्य वागायचे असेल तर कुत्रा त्या रात्री भाकरीला आला नाही, ही गोष्ट आधीच्या एखाद्या पानावर कोणाच्या तरी तोंडून सहज निघून गेली पाहिजे.

सह्याद्रीत कथा रचणाऱ्याला निसर्गाने एक असामान्य साधन दिले आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी सूर्य पाठीशी आणि समोरच्या दरीत धुके असेल, तर पाहणाऱ्याची सावली धुक्यावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटते. याला इंद्रवज्र म्हणतात आणि कर्नल साईक्स याने १८३५ मध्ये ते तिथे पाहिल्याचे सांगतात. ज्याला हे माहीत नाही त्याला दरीत तेजोवलय असलेला राक्षस उभा दिसेल, आणि तो हात हलवेल तेव्हा राक्षसही हलवेल. रहस्यकथेला हवे ते गमक पुढेच आहे : प्रत्येकाला वलय फक्त स्वतःच्या डोक्याभोवती दिसते, शेजाऱ्याच्या नाही. ‘मला माझ्या मित्राच्या डोक्याभोवती वलय दिसले’ असे जो छातीठोक सांगतो, तो त्या सकाळी कड्यावर नव्हता.

भीती काय गाळते आणि काय वाढवते

भीती प्रथम नजर अरुंद करते. ज्या गोष्टीपासून धोका वाटतो तिच्यावर लक्ष खिळते आणि बाकीचे पुसले जाते. चाकू रोखणाऱ्याचा चाकू लोकांना आठवतो, चेहरा आठवत नाही, हे साक्षीपुराव्याच्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा नोंदवले आहे. म्हणून खऱ्या भ्यालेल्या माणसाची हकीकत असमान असते : एक तपशील प्रचंड मोठा आणि त्याभोवती मोकळी जागा. गुरुजींना डोळे आठवतात, पण पाणी वाहत होते की नाही ते आठवत नाही, साकव ओलांडला की मागे फिरले तेही आठवत नाही. असा जबाब लिहिताना लेखकाचा हात रिकाम्या जागा भरायला शिवशिवतो. तो आवरावा.

भीतीत वेळही लांबतो, पण कुठे लांबतो ते पाहावे. २००७ मध्ये डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना सुमारे ३१ मीटर उंचीवरून खालच्या जाळ्यात सोडले आणि नंतर पडायला किती वेळ लागला ते विचारले. स्वतःचे पडणे लोकांना दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्क्यांनी अधिक लांब वाटले. मात्र पडताना त्यांना अधिक बारकाईने दिसत होते असे आढळले नाही; वेळ लांबला तो आठवणीत. तेव्हा ‘मी पाच मिनिटे त्याच्याकडे बघत होतो, म्हणून मला नीट आठवते’ या विधानाचा पूर्वार्ध प्रामाणिक असला तरी उत्तरार्ध त्यातून निघत नाही.

रात्री रानात वाट चुकून गोल गोल फिरणाऱ्याला आपल्याकडे ‘चकवा लागला’ म्हणतात. २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा माग उपग्रहाद्वारे घेतला, तेव्हा सूर्य किंवा चंद्र दिसत नसला की माणसे स्वतःच्या नकळत वर्तुळात फिरत जुन्याच वाटेवर येतात असे दिसले. कथेत चकव्याचा उपयोग करायचा असेल, तर त्या रात्री आभाळ भरलेले होते याची सोय आधी करावी, मग साक्षीदार त्याच वडाजवळ तीनदा आला हे वाचकाला खटकणार नाही आणि उलगडा झाल्यावर पटेल.

जबाब कसा लिहावा

आता या कामातला सर्वात आनंदाचा आणि सर्वात अवघड भाग. साक्षीदाराचे बोलणे असे लिहायला हवे की त्यात पाहिलेले आणि मानलेले दोन्ही एकत्र यावे आणि दक्ष वाचकाला ते वेगळे करता यावे. आमच्या नमुन्यात महिला फौजदार परसदारातल्या बाईशी बोलते आहे.

‘काकी, तुम्ही तेव्हा कुठे उभ्या होतात?’

‘परसदारी, न्हाणीच्या कोपऱ्याला. भांडी घासून पाणी टाकायला आले होते.’

‘आणि पहिल्यांदा काय दिसलं?’

‘काळं. साकवावर काळं उभं होतं. वर रुंद, खाली निमुळतं.’

‘रुंद म्हणजे किती?’

‘हे एवढं, सुपाएवढं. पाठीला कुबड असल्यासारखं. त्याला डोकं नव्हतं. म्हणजे मला दिसलं नाही, मॅडम.’

‘नव्हतं’ आणि ‘मला दिसलं नाही’ या दोन वाक्यांच्या मधे सगळे रहस्य आहे. इरले हे कामट्या आणि पानांचे असते, ते डोक्यावरून खाली पाठीवर येते, आणि मागून पाहणाऱ्याला त्यात माणसाचे डोके वेगळे दिसत नाही. बाईने जे पाहिले ते अचूक सांगितले आहे. आता ठाण्यात बसलेला अंमलदार तिचा जबाब लिहून घेतो : ‘मी समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, सदर दिवशी रात्रौ साडेआठचे सुमारास साकवावर डोके नसलेला इसम उभा असलेला मी पाहिला.’ अंमलदाराने काही खोटे घातले नाही, फक्त वाक्य नीटनेटके केले, आणि त्यात ‘मला दिसलं नाही’ हे शब्द हरवले. पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही, तेव्हा ते हरवल्याचे बाईला कळण्याचा मार्गही नाही. भीतीने एकदा आणि कागदाने दुसऱ्यांदा अशी दोनदा साक्ष बदलते. ही दुसरी पायरी लेखक सहसा वगळतात आणि माझ्या मते तिथेच कथेचा सर्वात वास्तव धागा सोडून देतात.

फौजदार बाईने ‘त्याला डोकं होतं का?’ असे विचारले नाही, याकडेही लक्ष द्यावे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता असे विचारले आणि काहींना त्या एकमेकींवर आपटून ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचा जोरकस शब्द वापरून विचारले. आठवड्याने सर्वांना विचारले की फुटलेली काच दिसली होती का. काच मुळात फुटलीच नव्हती. तरी जोरकस शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले आणि साधा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण. प्रश्नातला एक शब्द आठवडाभर मुरतो. म्हणून कथेत जर तुम्हाला एखादा साक्षीदार चुकीच्या वाटेने न्यायचा असेल, तर त्याच्या चुकीचे मूळ एखाद्या अधीर माणसाच्या प्रश्नात ठेवावे : ‘त्याचे पाय उलटे होते का रे?’ असे विचारणारा शेजारी प्रत्येक गावात असतोच.

घाबरल्याचे सोंग

भीतीच्या कथेत गुन्हेगार भीतीच्या आडोशाला बसलेला असतो आणि त्याला पकडायचे ते त्याच्या हकिकतीवरून. पुतण्या सांगतो की त्यानेही गिऱ्हा पाहिला : पांढरे कपडे, सोडलेले केस, लाल डोळे, उलटे पाय, पाण्यावरून चालत आला. ही हकीकत सर्व बाजूंनी भरलेली आहे. अंधारात रंग दिसला, घाबरलेल्या माणसाने पायांकडे पाहिले, आणि प्रत्येक तपशील लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतला.

मात्र एवढ्यावरच त्याला पकडले तर कथा उथळ होते, कारण निर्दोष माणसाची हकीकतही चार दिवसांत अशीच भरत जाते. इथे मी नेहमी एक चौथा साक्षीदार ठेवतो, जो निर्दोष आहे आणि तरीही रंगवून सांगतो. समजा, रात्री कुर्ल्या पकडायला गेलेला पोरगा. पहिल्या रात्री त्याने बायकोला फक्त ‘काहीतरी सळसळलं’ एवढेच सांगितले होते, दुसऱ्या दिवशी टपरीवर त्याला उंची आली, तिसऱ्या दिवशी केस आले. पुतण्याची हकीकत मात्र पहिल्याच तासात पूर्ण होती आणि नंतर तिच्यात काडीचाही बदल झाला नाही. खरी भीती वाढत जाते, रचलेली भीती जिथल्या तिथे राहते. फौजदार बाईने प्रत्येकाने पहिल्यांदा कोणाला काय सांगितले याचा शोध घेतला, तर फरक तिच्या हाती येतो आणि वाचकालाही तो आधीच्या पानांतून काढता येतो. शिवाय इरल्याचा प्रश्न उरतोच : पाऊस सातला थांबला होता, मग साडेआठला इरले घेऊन कोण हिंडत होते?

उलगड्याचा प्रसंग

पुष्कळ कथा प्रसंग पुन्हा घडवून पाहण्यावर संपतात. फौजदार बाई एका शिपायाला इरले देऊन त्याच वेळी साकवावर उभा करते आणि काकींना परसदारी बोलावते. काकी म्हणतात, ‘हे ते नव्हे. हा तर इरलं घेतलेला माणूस आहे.’ कारण आज शेजारी चार माणसे आहेत, आज भीती नाही, आणि समोर काय असणार ते आधीच ठाऊक आहे. भीती पुन्हा घडवता येत नाही. तेव्हा या प्रयोगातून ‘असेच दिसले होते का’ हे विचारू नये. अंतर, कठड्याच्या तुलनेत आकृतीची उंची, आणि त्या कोपऱ्यातून साकवाचा कोणता भाग दिसतो, एवढे मोजावे. काकींनी ती आकृती कठड्याच्या दुसऱ्या खांबाशी पाहिली होती आणि पुतण्याने आपण त्या वेळी पलीकडच्या काठावर असल्याचे सांगितले होते, असे काही मोजमापातून निघाले तर पुरावा टिकतो.

उलगडा सांगण्याची रीत मी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या भानामतीच्या तपासांवरून घेतली आहे. घरातल्या प्रत्येकाशी स्वतंत्र बोलायचे, कोणाला खोटारडा म्हणायचे नाही, आणि हे सारे ज्याच्या हातून घडत असते, बहुधा कोणीतरी मनातून पिचलेले, त्याचे नाव गावासमोर उघड करायचे नाही, अशी ती पद्धत आहे. खुनाच्या कथेत नाव उघड होणारच, पण भ्यालेल्या साक्षीदारांच्या बाबतीत तीच अदब पाळता येते. भर पंचायतीत ‘तुमचे भूत म्हणजे कुत्रा होता’ असे सांगून गुरुजींना खाली मान घालायला लावणारा शोधक मला कधीच आवडला नाही; गुरुजींच्या दोन डोळ्यांमुळेच मृत्यूची वेळ ठरली, हे त्यांना एकट्यात सांगणारा आवडतो. कथेत एखादा देवऋषी भुताच्या नावाने कोणाला मारहाण करत असेल, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्याला लागू होतो, आणि फौजदार बाईने त्याची वेगळी फिर्याद नोंदवणे कथेला सोडून नाही.

मसुदा झाल्यावर वही पुन्हा उघडावी आणि प्रत्येक साक्षीदाराचे एकेक वाक्य घडलेल्या गोष्टीशी ताडून पाहावे. ज्या वाक्यामागे वहीत काहीच नाही ते वाक्य कितीही अंगावर काटा आणणारे असले तरी काढून टाकावे. मग तो मसुदा त्या कामातल्या माणसाला वाचायला द्यावा : इरले असेल तर लावणी केलेल्या माणसाला, उसातली बॅटरी असेल तर रात्री पाणी धरणाऱ्याला. तो जिथे थांबून ‘असं नाही धरत हे’ म्हणेल, तिथे तुमचे भूत अजून कच्चे आहे. आणि शेवटच्या पानावर काकींना सगळे समजले म्हणून त्यांची भीती लगेच उतरली असे लिहू नये. त्या रात्रीचे काळे काय होते ते त्यांना आता माहीत आहे, ते माणूसच होते आणि त्याने दुसऱ्या माणसाला ढकलले होते. भांडी घासल्यावर पाणी टाकायला त्या अजूनही न्हाणीच्या त्या कोपऱ्याला एकट्या जात नाहीत.